मुलाच्या पोटात अचानक कळ आली तर खालीही तपासा : वृषणाला पडणारा पीळ

मैदानावरचा_मास्तर (धागाकर्ता)
मंगळवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी नाशिकमधल्या एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे, संध्याकाळी मुलांची कबड्डी घेतो. आजचा विषय घरात आई-बाप काढत नाहीत आणि पोरं तर मुळीच काढत नाहीत. मुलांच्या वृषणाला पीळ पडतो. डॉक्टर त्याला टेस्टिक्युलर टॉर्शन म्हणतात. पीळ पडला की तिथे रक्त पोचणं थांबतं आणि पहिल्या काही तासांत ऑपरेशन झालं नाही तर ते वृषण कायमचं जातं. १२ ते १८ या वयात हे सगळ्यात जास्त होतं, म्हणजे नेमकं आमच्या हाताखालच्या पोरांच्या वयात.

मागच्या महिन्यात आमच्या संघातला नववीचा एक मुलगा सराव सुरू व्हायच्या आधीच मैदानाच्या कडेला उकिडवा बसला. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, एक हात ओटीपोटावर दाबून धरलेला. काय झालं विचारलं तर "पोटात दुखतंय सर." थोड्याच वेळात भडाभडा ओकला. डब्यातलं काही बाधलं असेल असं सगळे म्हणायला लागले. त्याला धरून उभा केला, तर पाय फाकवून, पुढे वाकून, एकेक पाऊल जपून टाकत चालायला लागला. अपचनात कोणी असं चालत नाही. बाकीच्यांना मैदानात पिटाळलं, त्याला सामानाच्या खोलीत नेलं आणि सरळ विचारलं, "बाळा, खाली गोट्यांत दुखतंय का?" त्याने नुसती मान हलवली आणि रडायलाच लागला. दुखणं शाळा सुटायच्या आधीपासून होतं. वर्गात बाई होत्या म्हणून तो बोलला नव्हता.

वडिलांना फोन करून बोलावून घेतलं आणि थेट सर्जन असलेल्या हॉस्पिटलात गेलो. त्याच रात्री ऑपरेशन झालं, वृषण वाचलं. हे त्याच्या वडिलांना विचारूनच लिहितोय. मुलाची ओळख पटेल असं काही कृपया विचारू नका.

मुरगळणं, हाड मोडणं, उन्हाचा त्रास हे सगळं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. याबद्दल एक वाक्यही नव्हतं. इथे डॉक्टर मंडळी आहेत. हे का होतं, कसं ओळखायचं, कुठे न्यायचं हे सोप्या मराठीत लिहाल का? पुढच्या पालकसभेत मला ते वाचून दाखवायचं आहे.

गंगापूररोडची_मावशी
मंगळवार, रात्री ९:३२

सर, खूप आवश्यक धागा. माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, त्याचे बाबा नोकरीनिमित्त बाहेरगावी असतात. हल्ली तो बाथरूमची कडीसुद्धा दोनदा तपासतो. त्याच्याशी हे बोलायचं कसं, तेही कोणीतरी लिहा. वाचतेय.

सर्जन_नाशिकरोड
मंगळवार, रात्री १०:४५

मास्तर, तुम्ही त्याच्या चालण्याकडे लक्ष दिलंत आणि प्रश्न आडून न विचारता थेट विचारलात, तिथेच अर्धं काम झालं. सविस्तर लिहितो.

वृषण पिशवीत एका दोरीला लटकलेलं असतं. या दोरीतूनच रक्त आणणारी धमनी जाते, रक्त परत नेणाऱ्या शिरा जातात आणि शुक्राणूंची नळीही जाते. वृषणाभोवती एक पातळ, दुपदरी आवरण असतं. बहुतेक मुलांत वृषण मागच्या बाजूने पिशवीच्या भिंतीला धरलेलं असतं, त्यामुळे ते गर्रकन फिरू शकत नाही. काही मुलांत जन्मतःच हे आवरण वर दोरीपर्यंत चढलेलं असतं. मागची पकडच नसते आणि वृषण देवळातल्या घंटेच्या लोलकासारखं मोकळं लोंबतं. बाहेरून हे कळत नाही. आणि ही रचना एका बाजूला असली तर बहुधा दुसऱ्या बाजूलाही असते. हा मुद्दा लक्षात ठेवा, ऑपरेशनच्या वेळी तो कामाला येतो.

वयात येताना वृषण झपाट्याने वाढतं, जड होतं. दोरीभोवती एक स्नायू असतो, तो थंडीत, दचकल्यावर, खेळताना, झोपेतही आकसतो आणि वृषणाला वर खेचतो. वर जाता जाता मोकळं वृषण स्वतःभोवती फिरलं की दोरीला पीळ बसतो. कधी एक वेढा, कधी दोन. शिरांच्या भिंती पातळ म्हणून आधी त्या चेपतात. रक्त आत येत राहतं पण बाहेर पडत नाही, वृषण फुगतं. दाब आणखी वाढला की धमनीही बंद होते आणि तिथून पेशी मरायला लागतात.

आता वेळ. दुखायला लागल्यापासून ६ तासांच्या आत पीळ सुटला तर दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त मुलांचं वृषण वाचतं. १२ तासांपर्यंत गेलं की साधारण निम्म्यांचं. २४ तास उलटले की क्वचितच एखाद्याचं. घड्याळ सुरू होतं ते दुखणं सुरू झाल्या क्षणापासून, हॉस्पिटलच्या दारात आल्यापासून नव्हे. मास्तरांचा मुलगा दुपारभर वर्गात गप्प बसला होता, त्याचे ते तास त्यातच गेले. अर्थात उशीर झाला म्हणून "आता काय उपयोग" म्हणत घरी थांबू नका. पीळ कधी अर्धवट असतो आणि थोडं रक्त जात राहतं. अशी मुलं उशिरा येऊनही वाचलेली मी पाहिली आहेत.

लक्षणं म्हणाल तर एका बाजूला अचानक सुरू झालेली, मुलाला गप्प बसू न देणारी कळ. पुष्कळदा पहाटे झोपेतून उठवते. सोबत मळमळ, उलटी. त्या बाजूचं वृषण वर चढलेलं, आडवं पडलेलं दिसतं, हात लावू देत नाही. निरोगी मुलाच्या मांडीच्या आतल्या बाजूला हलका स्पर्श केला की त्या बाजूचं वृषण पटकन वर उचललं जातं. पीळ पडला की बहुधा ते होत नाही. आम्ही सूज, कडकपणा, वर ओढलेपण, हा प्रतिसाद आणि मळमळ अशा पाच गोष्टींना मिळून ७ गुण देतो. गुण जास्त भरले तर तपासण्यांत वेळ न घालवता मुलाला सरळ ऑपरेशनला घेतो.

आणि पोटदुखीबद्दल. वृषणं गर्भात पोटातच तयार होतात आणि नंतर खाली उतरतात. त्यांच्या नसा तिथूनच येतात. त्यामुळे काही मुलांना दुखणं फक्त ओटीपोटात किंवा जांघेत जाणवतं. मुलगा लाजून "पोट" म्हणतो असंही असतं आणि त्याला खरोखर पोटातच दुखतंय असंही असतं. दोन्ही वेळा उपाय एकच, अंगावरचे कपडे काढून तपासणं. पोटदुखीच्या मुलाची पिशवी न बघता अपेंडिक्सचं निदान करायचं नाही, हे शिकाऊ डॉक्टरांच्या डोक्यात आम्ही पहिल्यापासून बसवतो.

सोनोग्राफीवाला
मंगळवार, रात्री ११:२०

डॉक्टरांना जोड म्हणून थोडं. या दुखण्यात कलर डॉप्लर करतात. त्यात वृषणात रक्त वाहतंय की नाही हे दिसतं आणि नीट पाहिलं तर दोरीतला पीळही दिसतो. पण पीळ अर्धवट असेल किंवा नुकताच पडला असेल तर थोडा रक्तप्रवाह दिसू शकतो. म्हणून "डॉप्लर नॉर्मल आहे, घरी जा" एवढ्यावर समाधान मानू नका, सर्जनने हाताने तपासलेलं असलं पाहिजे. रात्री दोनला सोनोग्राफी सेंटर उघडं सापडेपर्यंत गावभर फिरण्यापेक्षा आधी सर्जन गाठा. डॉप्लर हवा की नको हे तो ठरवेल.

जुन्या_नाशकातली_आई
बुधवार, सकाळी ७:५०

रात्रभर हा धागा वाचत होते. लिहू की नको करत शेवटी लिहितेय.

आमच्याकडे रंगपंचमीला पेशवेकालीन रहाड उघडते. बाहेरच्यांना माहीत नसेल तर, जमिनीतला मोठा हौद, रंगाच्या पाण्याने भरलेला, आणि पोरं काठावरून त्यात उड्या घेतात. माझा मुलगा तेव्हा १६ वर्षांचा. दिवसभर उड्या मारून आला आणि संध्याकाळी एका बाजूला दुखायला लागलं. पाण्याचा मार बसला असणार हे घरात, शेजारात, सगळ्यांनी धरूनच चाललं. जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे त्याची पँटसुद्धा न उतरवता दुखण्याचं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या, दोन दिवस आराम करा म्हणाले. रात्री दुखणं उतरलं, तो झोपला. आम्हालाही हायसं वाटलं.

सकाळी पिशवी लालबुंद आणि टणक. मग धावपळ झाली. डॉप्लरमध्ये त्या बाजूला रक्त नव्हतं. सर्जनने आत पाहिलं तेव्हा वृषण काळंनिळं पडलेलं होतं. पीळ सोडवून, गरम सलाईनच्या ओल्या कापडात गुंडाळून वाट पाहिली, रंग काही परतला नाही. काढावं लागलं. दुसऱ्या बाजूचं त्याच वेळी टाके घालून पक्कं केलं.

मला एवढंच विचारायचंय, मार लागल्यामुळे पीळ पडतो का? आणि रात्री दुखणं थांबलं ते कशामुळे? त्यावेळी विचारायचं सुचलं नाही.

सर्जन_नाशिकरोड
बुधवार, दुपारी १:१५

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. हा अनुभव वाचून कोणाचा तरी मुलगा वेळेत पोचेल.

मार हे कारण असतं, पण शंभरात दहापेक्षाही कमी मुलांत. मूळ दोष त्या मोकळ्या रचनेचा. उडी मारली नसती तर त्याच आठवड्यात झोपेतही पीळ पडू शकला असता. रहाडीमुळे झालं असं म्हणता येणार नाही. नुसत्या माराचं दुखणं तासाभरात उतरायला लागतं. बॉल लागो, सायकलचा दांडा लागो, तासाभरानंतरही दुखणं तेवढंच असेल किंवा गेलेलं परत आलं असेल तर ते मार समजून सोडायचं नाही.

दुखणं उतरण्याची कारणं दोन असू शकतात. इंजेक्शनने वेदना दबते, पीळ तसाच राहतो. आणि पेशी मरत गेल्या की नसाही निकामी होतात, तेव्हाही दुखणं कमी होतं. म्हणून दुखणं थांबलं तरी मुलाला सर्जनने तपासलं पाहिजे.

एरंडाचं_पान
बुधवार, दुपारी ३:०५

आमच्या गावाकडे गोटी वर चढली म्हणायचे. एरंडाचं पान तव्यावर गरम करून बांधायचे, तेल लावून हलक्या हाताने चोळून खाली आणायचे. काहींना उतारही पडायचा. सर्जनकडे पोचेपर्यंत हे करायला काय हरकत आहे? प्रामाणिक प्रश्न आहे.

थिएटर_सिस्टर
बुधवार, दुपारी ४:४०

काका, मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे, मी सांगते. ज्यांना उतार पडला त्यांचा पीळ आपसूक सुटला असेल किंवा त्यांचं दुखणं वेगळंच असेल. वृषणाजवळ आणखी एक छोटं बोंड असतं, त्यालाही पीळ पडतो. ते प्रामुख्याने ७ ते १२ वर्षांच्या मुलांत होतं, हळूहळू दुखतं आणि विश्रांतीने काही दिवसांत बरं होतं. घरी बसून दोन्हींतला फरक कोणालाच करता येत नाही.

शेक नको, कारण रक्त बंद असताना ऊब दिली की पेशींना प्राणवायू जास्त लागतो आणि त्या लवकर मरतात. चोळणं तर नकोच. हाताने पीळ उलटा फिरवतात हे खरं आहे, पण ते डॉक्टर करतात. बहुतेकदा पीळ आतल्या बाजूला असतो आणि काहींमध्ये बाहेरच्या बाजूला. उलट्या दिशेने फिरवलात तर एकाचे दोन वेढे होतील. हाताने सुटला तरी नंतर ऑपरेशन करून टाके घालावेच लागतात.

आणखी एक. निघताना मुलाला चहा, दूध, बिस्कीट, पाणी काही देऊ नका. आमच्याकडे आया येतात त्या मायेने "उपाशी कसा नेऊ" म्हणून भरवून आणतात. पोट भरलेलं असलं की भूल देताना उलटी फुफ्फुसात जायची भीती वाढते आणि भूलतज्ज्ञाला ती जोखीम घ्यावी लागते. गोळी दिली असेल तर कोणती, किती वाजता, ते लिहून आणा.

सिडकोचा_सतरा
बुधवार, रात्री ११:५५

नाव सांगत नाही. मी १७ वर्षांचा आहे, सकाळी गोल्फ क्लब मैदानावर भरतीच्या तयारीला पळायला जातो. मला गेल्या काही महिन्यांत मधूनच डाव्या बाजूला एकदम कळ येते, घाम फुटतो, खाली बसावं लागतं. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप थांबते आणि मग काहीच नसतं. घरी कोणाला सांगितलेलं नाही. हे तेच आहे का? की पळण्यामुळे नस ओढली जाते? मित्र म्हणतो टाइट लंगोट घाल.

सर्जन_नाशिकरोड
गुरुवार, सकाळी ६:२०

बाळा, नाव नको, हे विचारलंस ते उत्तम. तुला न तपासता नक्की सांगता येणार नाही, पण तू लिहिलंयस त्यावरून पीळ पडून आपोआप सुटत असावा अशी दाट शंका येते. पूर्ण पीळ पडलेल्या बऱ्याच मुलांना आधी असे झटके येऊन गेलेले असतात. डाव्या बाजूला हे उजव्यापेक्षा थोडं जास्त होतं. कळ नसताना तपासलं आणि डॉप्लर केला तर सगळं नॉर्मल येऊ शकतं. म्हणून डॉक्टरांना आत्ता इथे लिहिलंस तसं सगळं सांग. अचानक येते, एकाच बाजूला येते, घाम फुटतो, आपोआप थांबते, या शब्दांवरूनच निदान होतं.

यावर उपाय आहे. दोन्ही वृषणं टाके घालून जागेवर पक्की करायची. घाई-गडबडीच्या ऑपरेशनपेक्षा हे ठरवून केलेलं ऑपरेशन कितीतरी सोपं. लंगोटाने पीळ पडायचा थांबत नाही. या आठवड्यातच सर्जनला किंवा मूत्ररोगतज्ज्ञाला दाखव, आणि तू १८ च्या खालचा आहेस म्हणून घरचं मोठं माणूस सोबत लागेल.

मैदानावरचा_मास्तर (धागाकर्ता)
गुरुवार, सकाळी ७:१०

सिडकोचा सतरा, वडिलांशी बोलायला जड जात असेल तर मोठा भाऊ, मामा, तुझे भरतीचे सर, कोणालाही सांग. हा धागाच त्यांच्यापुढे धर. तपासून येईपर्यंत सकाळचं पळणं बंद ठेव आणि एकटा कुठे लांब जाऊ नकोस.

अधीक्षक_पेठ
गुरुवार, दुपारी १२:३०

मी पेठ तालुक्यातल्या एका निवासी शाळेत अधीक्षक आहे. आमच्याकडे पहिली ते बारावीची मुलं राहतात, आई-बाप पाड्यावर, बऱ्याचदा फोनची रेंज नसते. काही जण द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे मजुरीला गेलेले असतात. पावसाळ्यात रात्री सावळघाटातून नाशिकला यायचं म्हणजे तुम्हाला कल्पना असेल. सहा तास ऐकल्यावर पोटात गोळा आला. माझे दोन प्रश्न. आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचं की थेट नाशिक? आणि पालकांची सही नसेल तर ऑपरेशन करतात का?

सर्जन_नाशिकरोड
गुरुवार, दुपारी २:५०

सर, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात अवघड आहे. माझं उत्तर असं. आधी १०८ ला फोन करा. फोनवर "पोट दुखतंय" न म्हणता "वृषणाला पीळ पडल्याची शंका आहे, तातडीचं ऑपरेशन लागेल" असं सांगा. ग्रामीण रुग्णालय वाटेतच असेल तर जरूर थांबा, डॉक्टर तपासतील, सलाईनची सुई लावून देतील, पुढे फोन करतील. पण तिथे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघेही हजर नसतील तर दाखल करून सकाळची वाट बघायची नाही. नाशकात त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय किंवा आडगावचं मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल इथे सर्जरी विभाग आहे. निघतानाच फोन करून ठेवला तर मुलगा पोचेपर्यंत थिएटर तयार ठेवता येतं. गाडीतून येताना मुलाला ज्या स्थितीत कमी दुखतं तसं झोपू द्या.

वेळ वाचवायची खरी जागा घाटाच्या आधी आहे. मुलाने रात्री दोनला तुम्हाला उठवलं पाहिजे. तो सकाळच्या प्रार्थनेपर्यंत सोसत बसला तर मग रस्ता कितीही चांगला असून काय करणार.

कायद्याचं_बोला
गुरुवार, दुपारी ४:००

सहीबद्दल. १८ वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची संमती लागते हे खरं. पण जीव किंवा अवयव धोक्यात असेल आणि पालक वेळेत सापडत नसतील तर डॉक्टर सद्भावनेने, मुलाच्या भल्यासाठी उपचार करू शकतात. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ९२ मध्ये हे संरक्षण होतं आणि आताच्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. तातडीच्या रुग्णाला मदत करणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, सरकारी असो वा खासगी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केलं.

व्यवहारात हॉस्पिटलं फोनवर संमती घेऊन तशी नोंद करतात. अधीक्षक सर, प्रवेशाच्या वेळीच "तातडीच्या उपचारासाठी अधीक्षकांनी निर्णय घ्यावा" असं संमतिपत्र पालकांकडून भरून घ्या आणि दोन पर्यायी फोन नंबर लिहून ठेवा. सगळे प्रश्न त्याने सुटतील असं नाही, पण मध्यरात्री दाखवायला हातात कागद असतो.

अधीक्षक_पेठ
गुरुवार, सायंकाळी ५:२५

दोघांचेही आभार. संमतिपत्राचा मजकूर उद्याच करतो. मुलांना सांगायचं कसं हाही प्रश्नच आहे. आमची लहान पोरं तर मला बघूनच पळतात. मोठ्या वर्गातल्या दोन-तीन मुलांना आधी सांगून ठेवतो, लहान मुलं रात्री त्यांनाच उठवतात.

जुन्या_नाशकातली_आई
गुरुवार, रात्री ८:१५

गंगापूर रोडच्या मावशी, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. माझा धाकटा १२ वर्षांचा आहे, त्याला मी कसं सांगितलं ते लिहिते. समोर बसवून भाषण केलं असतं तर तो उठून गेला असता. स्कूटरवरून क्लासला सोडताना सांगितलं, म्हणजे त्याला माझ्या तोंडाकडे बघावं लागलं नाही. म्हटलं, "हे बघ, दादाचं ऑपरेशन झालं ते तुला माहीत आहे. तुला कधी गोट्यांत एकदम जोरात दुखायला लागलं तर शाळा असो, परीक्षा असो, रात्र असो, मला लगेच सांगायचं. मी रागावणार नाही, हसणार नाही, बघूही नाही, डॉक्टर बघतील." तो "हं" म्हणाला. तेवढंच. पण चार दिवसांनी त्यानेच विचारलं, "बॉल लागला तर पण सांगायचं का?" म्हणजे डोक्यात राहिलंय.

"खाली दुखलं तर" असं मोघम सांगू नका. घरात जो शब्द चालतो तोच वापरा. काही सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुला-मुलींसाठी "मैत्री" क्लिनिक असतं, घरी बोलणं अगदीच जमत नसेल तर तिथेही विचारता येतं.

गंगापूररोडची_मावशी
गुरुवार, रात्री ८:४०

ताई, स्कूटरची युक्ती उद्याच करते. तुमचा मोठा आता कसा आहे? पुढे लग्न, मुलंबाळं यात काही अडचण येत नाही ना? जिव्हाळ्याने विचारतेय, उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

जुन्या_नाशकातली_आई
गुरुवार, रात्री ९:०५

छान आहे हो. कॉलेजला जातो, पोहतो. पहिले काही महिने मित्रांसमोर कपडे बदलायला नको म्हणायचा, जिम सोडली होती. आतून त्याला फार लागलं होतं ते. हल्ली स्वतःच मित्रांना सांगतो की असं दुखलं तर घरी बसू नका. बाकीचं डॉक्टर सांगतील.

सर्जन_नाशिकरोड
गुरुवार, रात्री १०:३०

एक वृषण निरोगी असेल तर पुरुषी संप्रेरक पुरेसं तयार होतं. दाढी-मिशा, आवाज, ताकद, लैंगिक जीवन यात फरक पडत नाही आणि बहुतेकांना मूल व्हायलाही अडचण येत नाही. दिसण्याची खंत वाटत असेल तर सिलिकॉनचं कृत्रिम वृषण बसवता येतं, तेही वाढ पूर्ण झाल्यावर, मुलाला स्वतःला हवं असेल तर. राहिलेल्या बाजूची मात्र काळजी घ्यायची. क्रिकेट, हॉकी, कबड्डीत गार्ड घालायचं.

किती जणांना होतं असं कोणीतरी व्यक्तिगत निरोपात विचारलं होतं. २५ वर्षांखालच्या दर ४००० पुरुषांत वर्षाला साधारण एकाला, असा आकडा वैद्यकीय पुस्तकांत सापडतो. नाशिकएवढ्या शहरात हे दरवर्षी घडतच असणार.

अगदी तान्ह्या बाळांतही पीळ पडतो, कधी जन्माआधीच. आंघोळ घालताना एका बाजूला कडक, काळसर गोळा लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एखाद्या मुलाचं वृषण खाली उतरलेलंच नसेल तर पीळ जांघेत पडू शकतो, आणि तो हर्निया समजला जातो. अशी न उतरलेली वृषणं साधारण दीड वर्षाच्या आत ऑपरेशन करून खाली आणायची असतात, मोठा झाल्यावर उतरेल म्हणून थांबायचं नसतं. गालगुंडानंतर वयात आलेल्या मुलांची वृषणं सुजतात. तिथे आधी गाल सुजलेले असतात, ताप असतो. जंतुसंसर्गात दुखणं एक-दोन दिवसांत हळूहळू वाढतं, लघवीला जळजळ होते. पण पुस्तकाप्रमाणे न वागणारे रुग्ण असतातच. अचानक दुखलं की आधी पीळ आहे असंच धरून चालायचं. नुसती शंका म्हणून आत पाहिलं आणि पीळ निघाला नाही, तरी एका छोट्या जखमेपलीकडे मुलाचं काही जात नाही.

मैदानावरचा_मास्तर (धागाकर्ता)
शुक्रवार, सकाळी ८:००

आमचा मुलगा रोज विचारतोय, सर कबड्डी कधी? टाके कसे काढतात? आणि थंडीत हे जास्त होतं असं वाचलं, आपल्याकडे डिसेंबरात पहाटेचा सराव असतो.

सर्जन_नाशिकरोड
शुक्रवार, दुपारी १:४०

बाहेरचे टाके बहुधा विरघळणारे घालतात, काढावे लागत नाहीत. दोन-तीन दिवस आराम, मग शाळा. पिशवीला आधार देणारी घट्ट चड्डी काही दिवस घालायची. धावणं आणि सायकल साधारण दोन ते चार आठवड्यांनी, पकड आणि धक्काबुक्कीचा खेळ त्यानंतर, तेही त्याच्या सर्जनने तपासून हो म्हटल्यावर. टाके घातल्यावर पुन्हा पीळ पडणं फारच दुर्मिळ, पण अशक्य नाही. त्याला पुन्हा अचानक दुखलं तर "ऑपरेशन झालंय, आता काही होत नाही" असं कोणी म्हणू नये.

थंडीबद्दल काही अभ्यासांत हिवाळ्यात प्रमाण जास्त दिसलं, काहींत नाही. सराव बंद करायचं कारण नाही. अंग नीट गरम करून घ्या आणि पोरांना सांगून ठेवा.

सिडकोचा_सतरा
शुक्रवार, रात्री ९:५०

वडिलांना सांगितलं. ते चिडतील वाटलं होतं, पण त्यांनी पूर्ण धागा वाचला आणि काही न बोलता डॉक्टरांना फोन लावला. उद्या सकाळी अकराची वेळ मिळाली आहे. आज दुपारी पुन्हा एकदा कळ येऊन गेली.

सर्जन_नाशिकरोड
शुक्रवार, रात्री ९:५८

शाब्बास. आज रात्री कळ आली आणि थांबली नाही तर अकराची वाट बघायची नाही. वडिलांना लगेच उठव, काही खाऊ-पिऊ नकोस आणि सरळ सर्जन असलेल्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात या. वडिलांना हा निरोप आत्ताच दाखव.